उसन्या वाटीचं राज्य

एका राज्यात सगळं होतं, आणि त्यातलं काहीच त्या राज्यातलं नव्हतं.

राजधानीच्या चौकात, जिथं पूर्वी आठवड्याचा बाजार भरे, तिथं एक काळा शिसवी पेटारा होता. हत्ती आडवा झोपेल एवढा लांब, झाकण सदा उघडं. ज्याला जे हवं ते त्यानं मनात आणावं, आत हात घालावा आणि काढून घ्यावं. तांदूळ म्हटलं की तांदूळ, शेला म्हटलं की शेला, दिवा म्हटलं की तेवता दिवा. सात समुद्रांपलीकडे कुणीतरी ते पेरीत होतं, विणीत होतं, घडवीत होतं. कोण, ते कुणी विचारलं नाही. फुकटच्या शेल्याला विणकराचं नाव विचारायची रीत जगात कुठंच नाही.

हा पेटारा कालांजन नावाच्या मायावी जादूगारानं आणून ठेवला, राजाच्या आज्याच्या काळी. आज्यानं विचारलं होतं, "मोबदल्यात काय घ्याल?" कालांजन म्हणाला, "जे तुमच्या उपयोगाचं उरणार नाही, तेवढंच." आज्याला वाटलं, किती सज्जन माणूस.

मग कुंभाराच्या बायकोनं पेटाऱ्यातून घागर काढली, त्या दिवशी कुंभाराचा अंगठा बधिर झाला. कोष्ट्यानं धोतरजोडी काढली, त्याची बोटं धोटा विसरली. हळूहळू राज्यातल्या साऱ्या बोटांवर राखी रंगाची दगडी खपली धरली. हात पुढं करता येई, घेता येई, तोंडाशी नेता येई. बाकी काही येईना. बाकी काही करायचंही नव्हतं, म्हणून तक्रारही कुणाची नव्हती.

अशा राज्यात चंपावती सून म्हणून आली.

तिचं माहेर डोंगरातलं, लहानसं. तिथला राजा स्वतःच्या वहाणेला स्वतः टाका घाली आणि राणी पापड लाटताना फिर्यादी ऐके. लग्नात पाणिग्रहणाच्या वेळी चंपावतीनं राजा अरिंजयाचा हात हाती घेतला, तो गार लागला, जड लागला. तिला वाटलं, मोठ्या घरच्यांचे हात असेच असतील. नव्या सुनेला सुरुवातीला बऱ्याच गोष्टींबद्दल तसंच वाटतं.

घरात रुळल्यावर तिनं एकदा दूध विरजलं. सकाळी पाहते तो दूध जसंच्या तसं. पुन्हा विरजलं, पुन्हा तेच. तिला वाटलं, आपलाच हात वाईट. राजमाता मायेनं म्हणाल्या, "दही हवं तर पेटाऱ्यातून आणवते, सूनबाई. दुधाला कशाला त्रास?"

"दही पेटाऱ्यातलंच घातलं होतं, आईसाहेब. त्याचं विरजण लागत नाही."

"विरजण म्हणजे?" राजमातांनी विचारलं.

चंपावतीनं परसात पेटाऱ्यातले धणे पेरले, ते कुजले. पेटाऱ्यातल्या दिव्यावर दुसरी वात लावू गेली. ज्योत वातीला शिवली, वात थंडच राहिली. दह्यानं दही होईना, बीजानं बीज होईना, दिव्यानं दिवा लागेना. हे तिनं पाहिलं आणि मनात ठेवलं. बोलायला तिला नेहमीच थोडा उशीर होई.

मग एके सकाळी राजानं अंगरखा उतरवला तेव्हा तिला त्याचा उजवा हात दिसला. मुठीपासून कोपरापर्यंत तो काळा पाषाण होता.

"हे कधीपासून, महाराज?"

"वडिलांच्या हाती मनगटापर्यंत होतं. माझ्या हाती चढतं आहे," अरिंजय म्हणाला. "प्रजेची नुसती बोटं जडावतात. राजाचं सारं अंग जडावणार. ज्या दिवशी मी पुरता दगड होईन, त्या दिवशी राज्य कालांजनाचं होईल. करार तसा आहे. आज्यांनी शेवटपर्यंत वाचला नव्हता."

"मग पेटारा बंद करा."

"आज बंद केला तर उद्या लोक काय खातील?"

चंपावतीला ते आवडलं, की त्यानं आधी लोकांचं पाहिलं, मग हाताचं. तोवर तिनं नवऱ्याबद्दल काही ठरवलं नव्हतं. त्या सकाळी ठरवलं.

राजवाड्याच्या वळचणीला एक साळुंकी राही. ती पेटाऱ्यातल्या दाण्याला चोच लावीत नसे आणि माणसांशी क्वचित बोले. चंपावती तिच्याखाली जाऊन उभी राहिली.

"साळुंकीताई, उपाय सांगा."

"सांगते," साळुंकी म्हणाली. "तीन वस्तू आण. विस्तव, ज्यावर विस्तव पेटेल. बियाणं, ज्याला बियाणं धरेल. विरजण, ज्यानं विरजण लागेल. ज्या देण्यानं कमी होत नाहीत त्या या तीन."

"एवढंच ना? माहेरी निरोप धाडते. उद्या संध्याकाळी तिन्ही येतील."

"आण माहेराहून. तो दुसरा पेटारा होईल. मग मी तुझ्या नातसुनेला हेच सांगत बसेन." साळुंकीनं पंख झाडले. "या राज्याच्या शिवेच्या आत तिन्ही आहेत. ज्यांना पेटारा माहीत नाही अशांपाशी आहेत. पायी जा, शेजारीण म्हणून जा. राणी म्हणून गेलीस तर नजराणा मिळेल, आणि नजराण्याचं विरजण लागत नाही."

चंपावतीनं पदर खोचला. एक खापर, एक द्रोण आणि एक वाटी एवढंच बरोबर घेतलं, आणि निघाली.

दक्षिणेच्या रानात एक राक्षसीण राही. घराएवढी थोरली. तिच्या चुलीत पहिल्या पावसाळ्याआधीचा विस्तव होता, आणि तो विझू नये म्हणून ती दर थोड्या वेळानं निखारा तोंडात धरून फुंके. त्यानं तिची जीभ पोळून काळी झाली होती.

"मावशी, विस्तव हवा होता," चंपावती म्हणाली.

"काय देशील?"

"आज काही नाही. उसना द्या. परत येईन ती रिकाम्या हाती येणार नाही."

राक्षसिणीनं तोंडातला निखारा चुलीत टाकला. "उसना," ती म्हणाली. "हा शब्द ऐकून युग लोटलं. कितीजण आले विस्तव लुटायला. मागायला कुणी आलं नाही." तिनं खापरात निखारे घातले, वर राख पसरली. "जप. आणि लवकर ये. बसून बोलत जा जरा. निखारा काही बोलत नाही."

पुढं माळावर एक वारूळ होतं, देवळाच्या शिखराएवढं. आत मुंग्यांची राणी राज्य करी. तिच्या कोठारात जुन्या काळच्या तांबड्या राळ्याचं बियाणं होतं, पण खालून झरा फुटला होता आणि दाणे ओलसर होऊन चालले होते. मुंग्या ते वर आणून वाळवीत, पुन्हा खाली नेत, पुन्हा वर आणीत. चंपावती वारुळाच्या पायथ्याशी बसली, तिनं काटक्या गोळा करून आपल्या निखाऱ्यावर शेकोटी पेटवली. ती पेटली. तिचे निखारे होते तेवढेच राहिले. वारुळाला आतपर्यंत ऊब पोचली, दाणे वाळले.

मुंग्यांच्या राणीनं वर येऊन विचारलं, "हे तू का केलंस? आम्ही मागितलं नव्हतं."

"मला मागायचं आहे म्हणून आधी दिलं. थोडं बियाणं द्या."

"सरळ बोलतेस," राणी म्हणाली. मुंग्यांच्या रांगेनं द्रोण भरला. "आम्ही हे खात नाही, फक्त राखतो. कशासाठी ते विसरलो होतो."

त्यापुढं वाट रानाला वळसा घालून मागं येई, तिथं डोह. डोहात आसरा, पाण्यातल्या देवता, राहत. त्यांच्या म्हशी तळाशी चरत आणि त्यांचं दही शिंपल्यात लागे. पण तळाचं गवत संपलं होतं, म्हशी शेवाळ खाऊन आटू लागल्या होत्या. चंपावतीनं काठावर हाक मारली. थोरली आसरा पाण्याबाहेर आली, केसांतून मासे झटकत.

"बाई, तुमच्या काठाला राळा पेरते," चंपावती म्हणाली. "म्हशींना वैरण होईल. मला वाटीभर विरजण द्या."

"माणसं आम्हाला भितात. तू भीत नाहीस?"

"भिते. पण घरी दही लागत नाही, त्याला काय करू?"

आसरा हसली. तिच्या बहिणीही पाण्याखालून हसल्या, डोहावर बुडबुडे आले. राळा पेरला, वाटी भरली.

परतीच्या वाटेवर चंपावती राक्षसिणीकडे थांबली. राक्षसिणीच्या एका रिकाम्या खापरात तिनं दही घातलं. राक्षसिणीनं ते पोळल्या जिभेवर धरलं आणि डोळे मिटले. मग म्हणाली, "कुठून आणलंस?"

"तुमच्या घरामागच्या डोहातून. आसरांचं आहे."

"घरामागं आसरा राहतात? मला वाटे, बेडूक ओरडतात." राक्षसिणीला लाज वाटली. ती तशीच उठली आणि खापरभर विस्तव घेऊन डोहाकडे चालू लागली, ओळख करून घ्यायला.

चंपावती तिन्ही वस्तू घेऊन राजवाड्यात आली. दही लागलं. परसात राळा उगवला. त्या बियाण्याचा गुणच असा, की चंद्र अर्धा असताना पेरावं आणि पुरा होता होता कणसं डोलावीत. चूल पेटली. राजमातांनी स्वतःच्या घरात लागलेलं दही आयुष्यात प्रथम चाखलं आणि म्हणाल्या, "आंबट आहे." मग पुन्हा घेतलं.

आता त्या लोकांच्या हातून चूक झाली, आणि नुसतं घेणाऱ्या हातांकडून तीच व्हायची होती. बातमी फुटली तशी राजवाड्याच्या दारी रांग लागली. लोकांनी भक्तीनं हात पुढं केले. "राणीसाहेब, आम्हालाही दही. आम्हालाही विस्तव. पेटाऱ्यापेक्षा आपलं बरं, जवळ पडतं." नवी सून, सगळ्यांचं मन राखायचं वय. ती देत गेली. सकाळी दिलं, संध्याकाळी दिलं. लोक खात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभे राहत. घरी विरजण लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

एकदा वाढता वाढता तिच्या हातातून पळी निसटली. तिनं पाहिलं, करंगळीचं नख राखी झालं होतं. टिचकी मारली तर टक्क वाजलं.

तिकडे राजाचा दगड काखेपर्यंत पोचला होता.

ती वळचणीखाली गेली. साळुंकीनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अभिनंदन. पेटारा झालीस." पक्ष्यांना वाईट वाटतं तेव्हा ते असंच बोलतात.

दुसऱ्या सकाळी चंपावतीनं राजवाड्याचं दार लावून घेतलं. दवंडी पिटवली: राणी आता कुणाला काही देणार नाही. तीन घरी वाट्या पोचल्या आहेत, विस्तवाची कोष्ट्याच्या गोदूबाईकडे, राळ्याची कुंभाराच्या संभूकडे, विरजणाची तेल्याच्या मैनाबाईकडे. ज्याला हवं त्यानं शेजारी मागावं. उसनं मागावं. आणि शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये. आपल्या हातचं काहीतरी घालून द्यावी. पेटाऱ्यातलं घातलेलं चालणार नाही.

गावात कुजबुज झाली. राजमाता म्हणाल्या, "सूनबाई, लोक कंजूष म्हणतात तुला."

"म्हणू देत, आईसाहेब. म्हणायला तरी ओट्यावर एकत्र बसतील."

पंचाईत अशी, की वाटीत घालायचं काय? हातचं असं कुणापाशी काही नव्हतं. मैनाबाई विस्तव आणायला गोदूबाईकडे गेली आणि वाटी घेऊन घरी दोन दिवस नुसती बसून राहिली. इकडे गोदूबाई मैनाबाईचं विरजण घेऊन बसली होती. रिकामी वाटी समोर, लाज मनात. शेवटी गोदूबाईनं आजेसासूच्या हातच्या जुन्या लुगड्याची दशी ओढली आणि मांडीवर ठेवून वळू लागली. बोटं वळेनात. ती वळीत राहिली. एक वाकडी, मध्येच जाड, मध्येच बारीक अशी वात झाली, आणि वात संपता संपता तिच्या तर्जनीवरची खपली मांडीवर गळून पडली.

ती वात वाटीत घालून गोदूबाई शेजारी गेली. "हसायचं नाही," ती म्हणाली.

मैनाबाई हसली नाही. तिनं ती विस्तवावर धरली. वात पेटली. मग मात्र दोघी हसल्या.

त्या वातीसाठी तेल हवं म्हणून तेल्याचा घाणा फिरला. तेलाला भांडं हवं म्हणून संभूनं चाक झटकलं, पहिलं लोटकं गळकं झालं, त्याची बायको म्हणाली, "आता तुळशीला पाणी घालायला नको, हेच ठेवते वर." दुसरं कमी गळकं झालं. लोटकं घेऊन सुतार आला, त्यानं परत जाताना चाकाची खीळ बसवून दिली. वाट्या या घरातून त्या घरात फिरू लागल्या आणि गल्ल्यांतून बोटांच्या खपल्या पिस्त्याच्या टरफलांसारख्या पडू लागल्या. मालाबद्दल म्हणाल तर तो काही देखणा नव्हता. धोतर आखूड होई, मडकं तिरपं होई. पण त्यावर भांडायला माणूस समोरच्या घरात सापडे. सात समुद्रांपलीकडे जाऊन भांडता येत नाही.

पौर्णिमेला राळा कापला. चौकात भर दुपारी पंगत मांडली. पत्रावळी रानच्या पळसाच्या, राळ्याचा भात, आसरांच्या विरजणाचं ताक, संभूची मडकी, सुताराचे पाट. राक्षसीण आली, आसरा ओल्या केसांनी आल्या, मुंग्या आपल्या रांगेनं आल्या. चंपावतीनं करंगळी पाहिली. सुपातला राळा पाखडता पाखडता नख कधी मोकळं झालं तिला कळलंही नव्हतं.

पण राजा तसाच होता. पाषाण आता गळ्याशी आला होता. डावा हातही बोटांपाशी काळवंडला होता. सगळ्यांनी काहीतरी केलं होतं. राजानं काही केलं नव्हतं, कारण राजाला कुणी वाटी पाठवलीच नव्हती. राजाला कसं उसनं मागायचं, या भिडेपायी.

तेवढ्यात कालांजन आला. पांढरी वस्त्रं, गोड चेहरा. त्यानं पंगतीवरून नजर फिरवली. "कष्ट केलेत, कौतुक आहे," तो म्हणाला. "पण राजा सूर्यास्तापर्यंत दगड होईल. मग पुन्हा पेटारा आहेच. इतकं वाकडं मडकं कोण किती दिवस वापरणार?"

संभूनं आपलं मडकं पाठीमागं सरकवलं, कारण ते वाकडं होतं.

चंपावती उठली. गोदूबाईकडून ताकाची वाटी घेतली आणि राजापुढं ठेवली. "महाराज, गोदूबाईंनी दिली आहे. आपली शेजारीण म्हणून."

अरिंजयानं वाटी डाव्या हातानं कशीबशी उचलली, ताक प्याला. रिकामी वाटी पुढ्यात ठेवली. मग तिच्यात काय घालावं याचा विचार करू लागला. त्याला विणता येत नव्हतं, वळता येत नव्हतं, उजव्या हाताची मूठ तर उघडतच नव्हती.

पंगतीच्या टोकाला पाथरवटानं नुकताच घडवलेला पाटा पडला होता. वरवंटा अजून व्हायचा होता, म्हणून हिरव्या मिरच्या, चिंच आणि कोथिंबीर तशीच ढीग करून ठेवली होती. आचारी कुरकुरत होता, की चटणीवाचून पंगत म्हणजे काय.

राजा उठला. जड पावलांनी पाट्यापाशी गेला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. मिरच्या पाट्यावर घेतल्या. आपली पाषाणाची मूठ त्यांच्यावर ठेवली आणि रगडली.

"राजा," कालांजन म्हणाला, "हे तुझं काम नाही."

"हात दगडाचाच आहे," अरिंजय म्हणाला. आवाज घोगरा येत होता, गळा आवळत होता. "वाटायला बरा आहे."

तो रगडीत राहिला. पाटा खरखरला. घाम कपाळावरून मिरच्यांत पडला. चंपावती शेजारी बसून कोथिंबीर पुढं सारीत होती, आणि तिला पहिल्यांदा असं वाटलं की आपण दोघं एका घरात राहतो. मूठ झिजू लागली. आधी करंगळीची कड मोकळी झाली, मग तिच्याशेजारचं बोट. मिरची लागली तशी त्यानं हात झटकला. दगडाला मिरची लागत नसते. हे साऱ्या पंगतीनं एकदमच ओळखलं आणि सगळे उभे राहिले.

गळ्याचा पाषाण उतरला, खांद्याचा उतरला. अरिंजयानं मूठ उघडली. तळहात लालभडक, रेषा जागच्या जागी. त्यानं चटणीचा गोळा वाटीत घातला आणि दोन्ही हातांनी गोदूबाईला दिला. मग दुसरी वाटी भरून कालांजनापुढं केली.

"घ्या. पाहुण्याला रिकामं धाडीत नाही आम्ही. रीत तेवढी ठाऊक असेल."

कालांजनानं चटणी खाल्ली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटी परत द्यायची म्हणून त्यानं पेटाऱ्यात हात घातला, आणि पेटारा रिकामा होता. ज्यांच्या बोटांतून चोरलेल्या कसबाच्या बळावर तो सात समुद्रांपलीकडचा माल ओढून आणी, त्यांची बोटं ते कसब परत घेऊन गेली होती. त्यानं स्वतःचे तळहात उलटून पाहिले. ते गुळगुळीत होते. एक रेष नव्हती. काय घालावं त्याला सुचेना.

वाटी तिथंच ठेवून तो शिवेकडे चालू लागला. राक्षसिणीनं त्याला शिवेपर्यंत सोबत केली. वाटेत ती त्याच्याशी बोलत राहिली, कारण तिला आता सवय लागली होती.

पेटाऱ्याच्या फळ्या काढून सुतारानं बाजाराचे ओटे केले. बाजार पुन्हा आठवड्याला भरू लागला. चंपावतीच्या माहेराहून व्यापारी येतात, यांचा राळा नेतात, मीठ देतात, आणि वाटी रिकामी जात नाही की येत नाही.

पंगतीतली चटणी, खरं सांगायचं तर, अळणी होती, आणि जरा कचकचत होती. राजाचा हात बराचसा तिच्यात उतरला होता. राजमातांनी ती पुन्हा मागून घेतली. राजानं विचारलं, "आईसाहेब, कशी झाली?" राजमाता म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मीठ घाल."

पुढची खेप दुसऱ्याच दिवशी होती. राजा पाट्याशी बसला, पाथरवटानं दिलेला नवा वरवंटा घेऊन, आणि चंपावतीनं मीठ घातलं. त्या राज्यातल्या लोकांचे हात जसे मोकळे झाले, तसे ज्यांनी ही कथा ऐकली त्यांचेही होवोत, आणि त्यांना शेजारी मिळोत.